ओसाड बेट

न्येपीच्या, म्हणजे मौनाच्या सणाच्या दिवशी आमचं बाली बेट मेल्याचं सोंग घेऊन पडतं. चूल नाही, दिवा नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वरून जाणाऱ्या राक्षसांना बेट ओसाड वाटावं आणि त्यांनी पुढची वाट धरावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. ही शांतता राखणाऱ्या गावच्या पहाऱ्याचे प्रमुख यंदा सुदिर्ताकाका होते. त्यांनी तर भुंकणाऱ्या कुत्र्यालाही दम भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या भातखाचरात हॉटेलवाल्यांची माणसं टेप लावून जमीन मोजतायत.

"ओ साहेब, गावची जमीन आहे ही!" काका ओरडत धावले.

"गाव? कुठलं गाव?" साहेब हसला. "काल आमचे पाहुणे दिवसभर हॉटेलच्या गच्चीवरून इकडेच बघत होते. माणूस नाही, धूर नाही, साधा आवाज नाही. सगळे खूश! म्हणाले, इतकी रिकामी जागा दुसरीकडे मिळायची नाही, बंगले इथंच बांधा."

काका माझ्याजवळ बांधावर येऊन बसले.

"आपले राक्षस बरे रे," ते मला म्हणाले. "ओसाड दिसलं की निघून तरी जायचे."