हयात माणसाची नोंद

विहीर खोदताना पहारीला आलेला बाक. कर्जत तालुक्यातला सत्तावन्न सालचा उन्हाळा. आणि जवळपास चाळीस वर्षांनी, नगरच्या एका कचेरीतला नवाकोरा टेबलफॅन.

या कचेरीत जिल्हाकोशाचं काम चालू होतं. कोश लोकांनीच लिहायचा होता. नोंद चुकली, दुरुस्ती अडली, तर येऊन विचारा, असं पेपरात छापून आलं होतं. म्हणून भीमराज आला.

"सर, आमच्या बौद्धवस्तीतली विहीर पंचायतीनं खोदली असं लिवलंय तुमी. गावच्या विहिरीवर पाणी भरू देईनात म्हणून वडलांनी खांदली ती, रंभाजींनी. त्यांचं नाव कसं घालायचं?"

"नियम आहे हो," संपादक शामकांतराव गोड हसले. "हयात माणसाचं नाव आम्ही कोशात घेत नाही. त्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. नंतर या."

शहाण्णव साली रंभाजी वारले. भीमराज पुन्हा नगरला आला.

"आता घ्या, सर."

"घेऊ की. पुरावा काय?"

"अख्खी वस्ती सांगंल."

"ऐकीव नको. खोदताना स्वतः हजर असलेलं कुणी?"

"बरोबरीचं कोनीच न्हाई राहिलं, सर. शेवटचे तेच हुते."

"मग अवघड आहे." शामकांतराव मनापासून हळहळले. "एकदा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तरी चाललं असतं."

 

पहिल्या खेपेला रंभाजी भीमराजच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते आणि शामकांतरावांनी त्यांना चहा पाजला होता.