पाहुण्याने पाहिलेला किनारा

रिसॉर्टचं फुकटचं खाऊन हा मेला पेपरवाला तिच्याच पोराला गुंड म्हणतो, याने धुरपाबायचं डोकं फिरलं होतं. किनाऱ्यावर जाळी सुकवली म्हणून रिसॉर्टच्या रखवालदारांनी तिच्या जनार्दनचा हात सोट्यांनी मोडला, तेव्हा हा तिथेच उभा होता. सकाळी नातीने मोबाइलवर त्याचा लेख वाचून दाखवला: ‘झिंगलेल्या कोळी गुंडांना रखवालदारांनी आवरलं. बेट निवांत आहे, जरूर या.’

धुरपाबायने त्याला धक्क्यावरून कॉलर धरून फरफटत घरी आणलं. हाडवैद्य आलाच होता.

“धर त्याचा दंड!” तिने पेपरवाल्याला फर्मावलं.

वैद्याने हिसडा दिला. हाड कडकन वाजलं, जनार्दन गुरासारखा ओरडला.

“मी पाहिलं होतं सगळं,” पेपरवाला पुटपुटला.

“हात त्यांनी मोडला, तो बसला. नाव तू मोडलंस, मेल्या. ते बसवल्याशिवाय इथली एकही होडी तुला पलीकडे नेणार नाही!”