पुलावर दिलेला शब्द

“मोबाइल बाहेर तिण्णैवर ठेव, मग आत ये,” वादिराज म्हणाला.

नवगावकरने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि चपला काढून तो आत आला.

त्याचा फोन आल्यापासून वादिराजच्या डोक्यात एकच घोळत होतं. सदतीस वर्षांनी माणूस ठाण्याहून तंजावरला येतो तो कशाला? घरात लग्न नाही, मयत नाही. देवदर्शन म्हणावं तर एलिशा नवगावकर ज्यू, कोकणातला बेने इस्राएल. बँकेने इथे बदली केली तेव्हा तो याच घराच्या माडीवर भाड्याने राहिला होता. मराठी बोलणारा म्हणून वादिराजच्या आईने ठेवून घेतला होता, एवढंच.

“कोणी पाठवलं तुला?”

“कोणी नाही. तुला एक शब्द दिला होता. त्यातून सोडव, एवढं मागायला आलोय.”

वादिराजने उठून दार लोटलं. स्वयंपाकघरात बायको होती. त्याने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला.

कुठला शब्द, ते विचारावं लागलं नाही. तिरुवैयारूच्या पुलावर, कावेरीला पूर असताना, वादिराजने नवगावकरच्या देखत समोरच्या घरातल्या श्रीकरला डिवचलं होतं, हिंमत असेल तर मार उडी. श्रीकरने मारली. तिसऱ्या दिवशी तो पापनाशमकडे सापडला. आम्ही तिथे नव्हतोच, असं दोघांनी सांगितलं आणि वादिराजच्या आग्रहाखातर नवगावकरने आपल्या धर्मग्रंथाची शपथ घेतली की जन्मात बोलणार नाही. त्याच सकाळी नोकरीवरून श्रीकरची आई भागीरथीअम्मा त्याला टाकून बोलली होती. आपल्यामुळे पोराने जीव दिला, असं ती धरून बसली ती आजतागायत.

“आमच्यात नवं वर्ष लागायच्या आधी समाजातल्या तिघांपुढे उभं राहून शपथांतून मोकळं व्हायचं असतं,” नवगावकर म्हणाला. “तिघांनी मला विचारलं, ती आई स्वतःला दोष देत जन्म काढेल हे तेव्हा कळलं असतं, तर घेतली असतीस शपथ? मी म्हटलं, नसती. ते म्हणाले, बस, हाच सुटकेचा दरवाजा. पण ज्याला शब्द दिलास तो हयात आहे. त्याला विचारल्यावाचून आम्हाला तुला सोडवता येत नाही. तो हो म्हणाला, तर आमचंही हो धर.”

“बरी सोय आहे. तिघांनी मान हलवली की सदतीस वर्षं पुसली.”

“शपथ पुसली जाते. वर्षं नाही. त्या वर्षांसाठी त्या आईपुढेच जायला हवं. आज तेवढ्यासाठीसुद्धा माझं तोंड बांधलेलं आहे.”

“आणि सुटलं, की माझं नाव घेणार.”

“मी माझं सांगणार.”

“नाही म्हटलं तर?”

“संध्याकाळची गाडी आहे. जाईन.”

वादिराजची सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती. गोडीगुलाबीच्या अर्जात मेख कुठे असते, हे त्याला बघताक्षणी कळायचं. इथे ती सापडेना, म्हणून तो जास्तच धास्तावला. नाही म्हणावं, तर हा ठाण्याला जाऊन पत्र लिहील. त्यापेक्षा जे काय बोलायचं ते आपल्यादेखत बोलू दे.

“सोडला,” तो म्हणाला. “पण मी बरोबर येणार.”

समोरच्या घरात भागीरथीअम्मा सूप मांडीवर घेऊन उडीद निवडत होती. वय अठ्ठ्याऐंशी, एकाच कानाने ऐकू येई. नवगावकर त्या कानाशी उकिडवा बसला आणि त्याने आपण कोण ते सांगितलं. मग मोठ्याने म्हणाला, “अम्मा, मी त्या दिवशी पुलावर होतो. श्रीकरने जीव दिला नाही. गंमत म्हणून उडी मारली त्याने. मी डोळ्यांनी बघितलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो.”

वादिराज चौकट धरून उभा होता. आता पुढचं वाक्य. आता आपलं नाव.

नवगावकरने मान खाली घातली. पुढचं वाक्य आलंच नाही.

सुपातली बोटं थांबली होती. “माझ्यावर रागावून नाही गेला?”

“नाही, अम्मा. हसत होता.”

“हसत होता?”

“हो.”

तिने सूप खाली ठेवलं. “इतकी वर्षं लागली तुला, दोन घरांमधला रस्ता ओलांडायला,” ती म्हणाली. नवगावकर रडायला लागला. तिने त्याला उगी केलं नाही. मग दाराकडे वळली, आणि तिचा चेहरा असा उजळला की वादिराजला तो बघवेना.

“वादिराजा, दर अमावास्येला येऊन माझी समजूत घालतोस. ऐकलंस का हा काय म्हणतो? हसत होता म्हणे माझा श्रीकर!”

वादिराजने नवगावकरकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

वादिराज चौकट सोडून आत आला, तिच्या त्याच कानाशी वाकला.

“ठाऊक आहे मला, अम्मा.”