उजवा साडेपाच, डावा सहा

"डावा साडेपाच नाही हो, सहा! साडेपाच उजवा," चष्मेवाल्याने फोनवर ठसक्यात सांगितलं आणि तो स्वतःवरच खूश झाला.

पलीकडच्या माणसाचा आवाज मोठा गोड होता. बायकोचं नाव सांगून त्याने विचारलं होतं, "हिने चष्मा तुमच्याकडेच टाकलाय ना? नंबर बराच आहे. डावा साडेपाच असावा." गावातल्या निम्म्या लोकांचे नंबर चष्मेवाल्याला तोंडपाठ होते. कुणी चुकीचा नंबर सांगितला की त्याला राहवत नसे. गवयाला बेसूर ऐकून होतं तसं व्हायचं.

"मीच येऊन घेऊन जातो," तो माणूस म्हणाला. "तिला कशाला हेलपाटा?"

"अहो, त्या स्वतःच येणार आहेत उद्या अकराला. फ्रेम कानावर बसवून बघावी लागते."

"मग मीही येतो. तिला सांगू नका हं. जरा गंमत."

"छे! माझ्या तोंडून अक्षर फुटायचं नाही."

फोन ठेवून चष्मेवाल्याने काउंटरच्या टोकाला काचा पुसत बसलेल्या बायकोला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. "असे नवरे असतात बघ! बायकोच्या चष्म्यासाठी फोन करतात."

बायकोचा हात थांबला. तिने खण उघडला, तयार चष्म्यांच्या पाकिटांतून एक पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "अहो, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खालची रेघ?"

"माझीच."

"दोनदा मारलीय."

चष्मेवाल्याने वाचलं. 'कुणी विचारल्यास या बाई इथे आल्याच नाहीत असे सांगणे. घरच्यांनाही.' बाई आठ दिवसांपूर्वी आल्या होत्या. बोलताना सारखं दाराकडे बघत होत्या. त्यांनी घरचा पत्ता दिला नव्हता, बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंचा नंबर तेवढा दिला होता. चष्मेवाल्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "निर्धास्त राहा. दुकान म्हणजे विहीर आहे." विहीर! ह्या विहिरीत नुसता फोन वाजला आणि तळाचं सगळं वर आलं. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवणाऱ्याला स्वतःच्या हातचं ढळढळीत अक्षर दिसलं नव्हतं.

त्याने पहिला विचार केला तो अब्रू वाचवायचा. "असं करतो, त्यांना कळवतो की उद्या दुकान बंद आहे. परवा या म्हणतो."

"मग परवा त्या येतील. आणि तोही येईल."

"मग काच फुटली म्हणून सांगू? आणखी आठ दिवस लागतील म्हणून?"

बायकोने ताईंचा नंबर लावला. मग फोन त्याच्या हातात दिला.

ताईंनी "हॅलो" म्हणताच चष्मेवाला एका दमात बोलून गेला. "मी चष्मेवाला. गाढवपणा झालाय माझ्या हातून. हातून नाही, तोंडून. त्या बाईंच्या नवऱ्याला मी सांगून बसलोय, उद्या अकराला त्या इथे येणार म्हणून."

तो शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. ताईंनी फक्त विचारलं, "शब्द न् शब्द सांगा. तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात." चष्मेवाल्याने सांगितलं. काहीही न लपवता सगळं सांगितलं. नंबर दुरुस्त केल्याचं सांगताना त्याचे कान तापले.

कोर्टाने त्या माणसाला बायकोच्या आसपास फिरकायची, तिचा माग काढायचीही बंदी केली होती. हे चष्मेवाल्याला तेव्हा कळलं.

तासाभरात संस्थेतली एक मुलगी येऊन चष्मा घेऊन गेली. फ्रेम कानावर कशी बसवायची हे चष्मेवाल्याने तिला तीनदा दाखवलं. एवढंच काय ते त्याला नीट करता येत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना तो नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. चष्मेवाल्याला वाटलं होतं, राक्षस येईल. आला तो अगदी आपल्या जावयासारखा दिसणारा माणूस. "आली नाही अजून?" असं विचारून तो दाराकडे तोंड करून बसला. आरशासमोर ताईंनी कळवल्यावरून आलेला साध्या कपड्यातला एक पोलीस केव्हाचा फ्रेमा लावून बघत होता. एकही त्याला शोभत नव्हती. हे सांगायला चष्मेवाल्याची जीभ शिवशिवली. त्याने ती दातांखाली धरली.

सव्वाअकराला त्या माणसाचं हसू मावळलं. त्याने काउंटरवर मूठ आपटली. ट्रेमधल्या फ्रेमा उडाल्या. "कुठाय ती? काल तर पोपटासारखा बोलत होतास!"

 चष्मेवाल्याने तोंड उघडलं नाही.

पोलिसाने डोळ्यांवरची फ्रेम काढून ठेवली आणि त्या माणसाच्या दंडाला धरलं.

दुपारी दुकानात फोन वाजला. चष्मेवाल्याने तो बायकोपुढे सरकवला. बायकोने ऐकून परत त्याच्याकडे दिला. "तुमच्यासाठीच आहे. त्या बाई."

"बाई," तो चाचरत म्हणाला, "मला माफ करू नका. माझ्यासारख्या बडबड्याकडे तुम्ही यायलाच नको होतं. दुसऱ्या कुणाकडे गेला असतात तर—"

"गेले होते," त्या म्हणाल्या. "आधीच्या गावातल्या चष्मेवाल्यानेही त्याला असंच सांगितलं होतं. नंतर फोन करून आम्हाला कळवलं तेवढं नव्हतं."