किती खाल्लं?

स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा आडवा झाला होता आणि कुत्रा तोंड चाटत बसला होता. शेजारी मोठ्या कडू चॉकलेटचा फाटका कागद पडलेला. भांडण मिटवायला नवऱ्याने ते बायकोसाठी आणलं होतं. "खाल्लं, छान होतं," तिने सकाळीच त्याला सांगितलं होतं. नवऱ्याने घाईघाईने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "कुत्र्यांना चॉकलेट विषासारखं! किती खाल्लं?" "बायकोने खाऊन उरलेला एखादा तुकडा असेल." "मग घरीच लक्ष ठेवा." तो फोन ठेवणार, तोच तिने हात धरला. "डॉक्टर, त्याने अख्खं खाल्लंय. मी न चाखताच फेकलं होतं." "ताबडतोब घेऊन या!" दवाखान्यात इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी कुत्र्याला उलट्या करवल्या. कुत्रा वाचला. परतताना नवरा म्हणाला, "मला खरं सांगायला कुत्रा मरणाच्या दारात जावा लागतो का?"