वासिलासारखा उजेड

कापताना बोट चिरलं, तरी झुलिखाने ताकाचा रिकामा डबा सोडला नाही. त्याचं पांढरं बूड तिने फ्लॅशवर टोपीसारखं बसवलं, आतून बटर पेपर चिकटवला आणि वरून केसांचं रबर आवळलं. मग भिंतीकडे एक फ्लॅश उडवून पाहिला. उजेड भसकन न पडता अलगद पसरला. अगदी वासिलाचा पडतो तसा.

वासिला म्हणजे तिची भावजय. कॅमेरा उलटा की सुलटा हेही तिला झुलिखानेच शिकवलं होतं. तिलिमसान शहरातल्या लग्नघरात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, त्यामुळे दोघींचंही बरं चाललं होतं. पण गेल्या उन्हाळ्यापासून जी ती नवरी वासिलाच हवी म्हणून हटून बसायची. का, तर तिच्या फोटोत चेहरा मऊ येतो! ईदला सख्खा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुझ्या फोटोत नवरी पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते." सगळे खो खो हसले. वासिला तेवढी हसली नाही, आणि त्याचाच झुलिखाला जास्त राग आला. मोठी आली समजूतदार!

त्याच संध्याकाळी तिने भावजयीची बॅग चाचपली. आत काय, तर कापलेला ताकाचा डबा. एवढ्याशा टिनपाट वस्तूने आपल्याला मागे टाकलं म्हणून तिला रडूच कोसळलं.

या मोसमात झुलिखाला एकच लग्न मिळालं होतं, लल्ला फादेलाच्या, म्हणजे फादेलाबाईंच्या, मुलीचं. तेही बिनसलं तर स्टुडिओला कुलूप लावायचं हे तिने ठरवून टाकलं होतं.

दुपारी नवरी सजून उभी राहिली. अंगात जरीचा मखमली कफ्तान, डोक्यावर उंच टोपी, गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांच्या आणि सोन्याच्या माळाच माळा. त्या ओझ्याने पोरीला धड वळताही येत नव्हतं. फोटो आधी सासरी जायचे होते, आणि सासर तालेवार होतं.

झुलिखाने डबा लावला आणि फोटो काढला. पडद्यावर पाहताच तिचा ऊर भरून आला. नवरीच्या गालांवर कुठे चकाकी नव्हती, डोळे बोलके दिसत होते, माळेचा मणी न् मणी वेगळा उठून आला होता. बघ म्हणावं वासिला, आता कोण कुणाच्या पुढे!

तिने ऐटीत कॅमेरा नवरीच्या आईपुढे धरला. लल्ला फादेलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे गं काय केलंस?"

"चेहरा बघा ना, लल्ला! किती गोड आलाय."

"चेहरा घालते चुलीत! या माळा बघ."

झुलिखाने फोटो मोठा केला. वरच्या दोन माळा पिवळ्याधमक होत्या. खालच्या साताठ मात्र तांबूस, मुलामा उडालेल्या. तिच्या नेहमीच्या भगभगीत फ्लॅशमध्ये सगळ्या सारख्याच लखलखल्या असत्या.

लल्ला फादेलाने दार लोटून घेतलं. "सासरच्यांनी हा फोटो पाहिला तर माझ्या पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतील. काढ तो डबा! आज काय भलतंच सुचलं तुला?"

"सगळ्यांना हल्ली असेच फोटो आवडतात," झुलिखा पुटपुटली. "वासिला काढते तसे."

"तसेच हवे असते, तर तुझ्याकडे कशाला आले असते? आधी तिच्याकडेच गेले होते. सोन्याचं सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, 'लल्ला, माझ्याकडे नका देऊ हे काम. आमच्या वन्संकडे जा. त्यांच्या उजेडात सगळं सोनंच दिसतं.'"