जुन्या अ‍ॅम्पचा आवाज

"नीट ऐक आणि सांग, आपल्या जुन्या अ‍ॅम्पसारखं कोणतं वाजतं?" पास्कलने गिटार मांडीवर घेतली. त्या अ‍ॅम्पच्या आवाजावरून भांडूनच त्यांचा वसईतला लग्नाचा बँड फुटला होता, आणि इनास आज कितीतरी वर्षांनी त्याच्या घरी आला होता.

अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा तो खोका केव्हाच भंगारात गेला होता. त्याच्या आवाजाची नक्कल करणारी दोन सॉफ्टवेअर लॅपटॉपवर होती; त्यांतलं एक निवडायचं होतं. पास्कलने गिटार लॅपटॉपला जोडून दोन्हींवर एकच धून वाजवली.

"पहिलं पत्र्यासारखं वाजतं. दुसरं अगदी आपलं!" इनास म्हणाला.

"काहीतरीच! पहिल्यातच गोडवा आहे. तुझे कान तेव्हाही असेच होते."

आवाज चढले. तेवढ्यात पास्कलची नजर स्क्रीनवर गेली. दोन्ही सॉफ्टवेअर बंदच होती. दोन्ही वेळा नुसती गिटार वाजली होती आणि तिच्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले होते. त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"तुझंच खरं. दुसरंच घेऊ."

इनासची कळी खुलली. तो पोटभर जेवला. निघताना चपला घालत म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. तेव्हा मात्र सॉफ्टवेअर सुरू करून वाजव."